तुळिंज : दर्शन आधी, द्रव्य नंतर

चर्चगेटहून विरारला जाणाऱ्या लोकलचे शेवटून दुसरे स्थानक म्हणजे नालासोपारा. नाळा आणि सोपारा या दोन जुन्या गावांची नावे रेल्वेने एका पाटीवर आणली. मात्र ती दोन्ही गावे रुळांच्या पश्चिमेस आहेत. पूर्वेला उतरणाऱ्याच्या वाट्याला येते ते तुळिंज. एके काळी भातशेती आणि झाडीने वेढलेल्या या गावाची ओळख आज एका गजबजलेल्या रस्त्याने होते. स्थानकाचा जिना संपताच दुकाने सुरू होतात. किराणा, कापड, भांडी, औषधे, मोबाइलची दुरुस्ती अशी ती एकमेकांना खेटून उभी आहेत आणि त्यांच्यामधून रिक्षा, हातगाड्या, शाळकरी मुले व कामावर निघालेली माणसे वाट काढीत असतात. वर पाहिले तर तीन-चार मजल्यांच्या इमारतींच्या रांगा. त्यांतील पुष्कळांना उद्वाहन नाही. त्याही पलीकडे, पूर्वेच्या क्षितिजावर, तुंगारेश्वराचे डोंगर दिसतात.

नवघर-माणिकपूर, वसई, नालासोपारा आणि विरार या चार नगरपालिका एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि तुळिंजचा जिल्हाही बदलला. पोलीस ठाणे आणि महापालिकेचे रुग्णालय यांमुळे तुळिंजचे नाव आता सरकारी कागदोपत्री नित्य येते. पावसाळ्यात मात्र ते वृत्तपत्रांत वेगळ्या कारणाने येते, कारण मोठी सर आली की येथील सखल रस्ते पाण्याखाली जातात. तळमजल्यावरचा दुकानदार माल उंच फळीवर ठेवतो आणि वरच्या मजल्यावरचा वृद्ध खिडकीतून पाणी ओसरण्याची वाट पाहत बसतो.

मुंबईत घर परवडेनासे झाल्यावर ज्यांनी विरारच्या दिशेने घर शोधले, त्यांनी हे गाव भरले आहे. त्यात गिरणीतून बाहेर पडलेले कामगार आहेत, कोकणातून, घाटावरून, उत्तर प्रदेशातून, राजस्थानातून आलेली कुटुंबे आहेत. अशा प्रत्येक उपनगरात एक माणूस हमखास आढळतो. सैन्यातील नोकरी संपल्यावर एखाद्या बँकेच्या, कारखान्याच्या वा गृहसंकुलाच्या दारावर पहारेकरी म्हणून उरलेले आयुष्य काढणारा हा माजी सैनिक. त्याची चाल ताठ असते, बूट स्वच्छ असतात आणि बोलणे मोजके असते. तो म्हातारा झाला, आजारी पडला, एकटा राहिला, म्हणजे त्याचे काय होते?

पश्चिमेचा शिलालेख

या प्रश्नाचे एक फार जुने उत्तर रुळांच्या पलीकडे, सोपाऱ्यात, दगडावर कोरले गेले होते. प्राचीन शूर्पारक म्हणजेच हे सोपारे. पश्चिम किनाऱ्यावरील हे एक समृद्ध बंदर होते आणि येथून देशोदेशी माल जात असे. १८८२ मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजी यांनी येथील 'बुरूड राजाचा कोट' म्हणून ओळखली जाणारी टेकडी उकरली. आत स्तूप निघाला आणि स्तूपाच्या गर्भात दगडी करंडक. त्याच सुमारास त्यांना सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ मध्ये याच परिसरात उजेडात आला.

सोपाऱ्याचा तुकडा लहान आहे. त्यावरचा पूर्ण मजकूर समजतो तो अन्य ठिकाणच्या प्रतींवरून, आणि त्यांतील एक प्रत गिरनारच्या वाटेवर जुनागढजवळच्या प्रचंड शिळेवर आहे. गिरनारची यात्रा करणाऱ्या अनेक कुटुंबांनी ती शिळा जाता-येता पाहिलेली असेल. आठव्या लेखाचा आशय असा : पूर्वीचे राजे शिकारीच्या आणि करमणुकीच्या यात्रा काढीत, अशोकाने त्या सोडून धर्मयात्रा सुरू केल्या. त्या यात्रांत काय करायचे, तेही लेख सांगतो. श्रमण आणि ब्राह्मण यांचे दर्शन घ्यायचे व त्यांना दान द्यायचे. वृद्धांचे दर्शन घ्यायचे व त्यांच्यासाठी द्रव्याची तरतूद करायची. खेड्यापाड्यांतील लोकांना भेटायचे, त्यांना धर्म सांगायचा आणि त्याविषयी विचारपूस करायची.

येथे शब्दांचा क्रम पाहण्याजोगा आहे. वृद्धांच्या बाबतीत लेखात दर्शन आधी येते, द्रव्य नंतर. कलिंगच्या युद्धात लाखांचा संहार पाहिलेल्या राजाला पैशाची वाण नव्हती. खजिन्यातून मोहरा पाठवणे त्याला सहज शक्य होते. पण त्याच्या लेखात म्हाताऱ्या माणसाकडे जाणे, त्याला प्रत्यक्ष पाहणे, हे पहिले कर्तव्य ठरते. आजच्या समाजकार्याच्या परिभाषेत याला गृहभेट म्हणतात.

लाखाचा भात

सोपाऱ्याशी निगडित असलेली एक कथा जैन परंपरेत पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. बारा वर्षांचा भीषण दुष्काळ पडला होता. आचार्य वज्रस्वामींनी आपले शिष्य वज्रसेन यांना सांगितले होते की, ज्या दिवशी लाख मुद्रांच्या धान्याचे अन्न भिक्षेत समोर येईल, त्याच्या दुसऱ्या दिवशी सुकाळ होईल. विहार करीत वज्रसेनसूरी सोपाऱ्यात आले आणि जिनदत्त श्रेष्ठीच्या दारी उभे राहिले. घरात धनाला तोटा नव्हता, पण बाजारात धान्य नव्हते. लाख मुद्रा मोजून मूठभर तांदूळ मिळवला होता, आणि श्रेष्ठीची पत्नी ईश्वरी त्या भातात विष कालवण्याच्या बेतात होती. अब्रूने जगलेल्या कुटुंबाने अन्नान्न करीत मरण्यापेक्षा एकत्र शेवट करावा, हा घराचा निश्चय ठरला होता. मुनींनी तिला थांबवले व उद्या धान्य येईल असे सांगितले. दुसऱ्या दिवशी धान्याने भरलेली गलबते बंदराला लागली. पुढे जिनदत्त, ईश्वरी आणि त्यांचे चार पुत्र नागेंद्र, चंद्र, निर्वृत्ती व विद्याधर यांनी दीक्षा घेतली आणि त्या पुत्रांच्या नावांनी चार कुले प्रसिद्ध झाली.

श्रद्धेच्या दृष्टीने या कथेचा अर्थ मोठा आहेच. व्यवहाराच्या दृष्टीनेही ती एक गोष्ट शिकवते. त्या घराचे संकट रस्त्यावरून दिसत नव्हते. वाडा शाबूत होता, तिजोरी भरलेली होती, कोणी हात पसरला नव्हता. दाराच्या आत पाऊल पडले, चुलीवर काय शिजते आहे हे पाहिले गेले, म्हणून सहा जीव वाचले. संकटात असलेला स्वाभिमानी माणूस मागत नाही. त्याच्यापर्यंत जावे लागते आणि योग्य वेळी जावे लागते.

छत्तीस पायऱ्या

माजी सैनिकाची स्थिती बहुधा अशीच असते. उदाहरणादाखल तुळिंजमधील एक कल्पित गृहस्थ डोळ्यांसमोर आणावा. वय पंच्याहत्तरीच्या घरात. १९६८ मध्ये सैन्यात भरती, १९७१ च्या युद्धात सीमेवर, आणि आठ वर्षांनी संख्याकपातीत सेवामुक्त. जवानाला निवृत्तिवेतनासाठी साधारणतः १५ वर्षांची सेवा लागते. ती नसल्याने निवृत्तिवेतन नाही. पुढची तीस वर्षे पहाऱ्याची नोकरी. पत्नी वारली. मुलगा, सून आणि दोन नातवंडांसह तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहणे. मधुमेहाने पायाला जखम झाली, ती चिघळली आणि गुडघ्याखाली पाय काढावा लागला. मुलगा पहाटेची गाडी पकडून मुंबईत कामाला जातो आणि रात्री परततो. घरात सर्वांचा जीव मेटाकुटीला आला आहे. शेवटी एक वाक्य उच्चारले जाते : "बाबांना कुठल्या तरी आश्रमात ठेवावे लागेल."

हे वाक्य ऐकून दोन प्रकारची माणसे दोन प्रकारे वागतात. एक दानशूर गृहस्थ कनवाळूपणे आश्रमाचा खर्च देऊ करतो. दुसरा मुलाला बोल लावतो. प्रशिक्षित समाजकार्यकर्ती यांपैकी काहीही लगेच करीत नाही. ती त्या खोलीत जाऊन बसते आणि ऐकते. प्रथम वृद्धाचे ऐकते, तेही एकट्याचे. मग सुनेचे, मग मुलाचे. ती इमारतीच्या पायऱ्या मोजते. त्या छत्तीस भरतात. पाय गेल्यापासून हा माणूस एकदाही खाली उतरलेला नाही, हे तिला तेव्हा कळते. शौचालयाचे दार किती रुंद आहे, ते ती पाहते. पलंगाखालची पत्र्याची पेटी उघडायची परवानगी मागते. पेटीत सेवामुक्तीचे पुस्तक निघते, पिवळे पडलेले, पण शाबूत.

येथून प्रकरण-व्यवस्थापन सुरू होते. शब्द जड आहे, रीत साधी आहे. माणसाची ओळख, गरजांचे आणि बळांचे मोजमाप, त्याच्या संमतीने केलेली योजना, त्या योजनेतील प्रत्येक कामासाठी योग्य दाराशी जोडणी, पाठपुरावा आणि ठरावीक काळाने फेरतपासणी, अशा पायऱ्या त्यात असतात. महत्त्वाचे हे की, या सर्व कामांची जबाबदारी एका व्यक्तीकडे असते. नाहीतर वृद्धाला रुग्णालय एक सांगते, सैनिक कल्याण कार्यालय दुसरे, बँक तिसरे; आणि या तिन्ही ठिकाणी लंगडत जाण्याचे त्राण त्याच्यात नसते.

त्या कल्पित गृहस्थाच्या बाबतीत कोणती दारे आहेत? महाराष्ट्र शासनाच्या सैनिक कल्याण विभागाचे मुख्यालय पुण्यात आहे आणि त्याच्या अखत्यारीत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये चालतात. या कार्यालयांत 'कल्याण संघटक' नावाचे पद असते. गावोगाव फिरून माजी सैनिक, त्यांच्या विधवा आणि कुटुंबीय यांच्या अडचणी समजून घेणे हे त्याचे काम. केंद्रीय सैनिक बोर्डाची एक योजना अशी आहे की, निवृत्तिवेतन न मिळणाऱ्या, हवालदार हुद्द्यापर्यंतच्या आणि ६५ वर्षे पूर्ण केलेल्या निर्धन माजी सैनिकाला, तसेच अशा सैनिकाच्या विधवेला, नियमित अर्थसाहाय्य मिळू शकते. या निधीचा मोठा आधार म्हणजे ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचे संकलन. १९४९ पासून ते चालत आले आहे. मात्र 'माजी सैनिक' कोणास म्हणावे याची सरकारी व्याख्या सेवामुक्तीच्या तारखेप्रमाणे आणि कारणाप्रमाणे बदलते. म्हणून पेटीतल्या त्या पिवळ्या पुस्तकातील एका नोंदीवर सर्व अवलंबून असते. निवृत्तिवेतनधारकांसाठी एप्रिल २००३ पासून वैद्यकीय सेवेची स्वतंत्र अंशदायी योजना आहे, पण निवृत्तिवेतन नसलेल्याला सामान्यतः तिचा लाभ होत नाही. त्याला महापालिकेचे रुग्णालय आणि बोर्डाचे वैद्यकीय अनुदान यांवर विसंबावे लागते. कृत्रिम पायासाठी पुण्याचे आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे. १९४४ पासून ते सैनिकांना अवयव बसवून देत आले आहे. जयपूरच्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीची, १९७५ मध्ये सुरू झालेली, विनामूल्य पायाची सेवाही सर्वांना परिचित आहे.

ही दारे एकामागून एक उघडत गेली, की प्रश्नाचे रूप बदलते. 'बाबांना कुठे ठेवावे' हा मूळ प्रश्न नव्हताच. मूळ प्रश्न छत्तीस पायऱ्यांचा होता. त्याच इमारतीत तळमजल्याची खोली भाड्याने मिळाली, थोडे साहाय्य दरमहा येऊ लागले, पाय बसला, तर हा माणूस नातवंडांसह आपल्या घरात राहू शकतो. पण असेही होऊ शकते की मोजमाप करून, सर्वांचे ऐकून, निवासी देखभालच योग्य ठरते. जखमा इतक्या असतात की घरी त्यांची निगा राखणे शक्य नसते, किंवा सांभाळणारे कोणीच नसते. अशा वेळी निवासात पाठवणे म्हणजे टाकून देणे नव्हे. फरक एवढाच की तो निर्णय थकलेल्या रात्री घेतलेला नसतो, आणि ज्याच्याविषयी घेतला त्याला विचारल्याशिवाय घेतलेला नसतो.

खडकीचा मार्ग

सैनिकांच्या निवासी देखभालीचा महाराष्ट्रातील इतिहास पाहायचा, तर तुळिंजहून दादर आणि दादरहून घाट चढून खडकीला जावे लागते. त्याआधी वसईच्या किल्ल्याकडे एक दृष्टिक्षेप टाकणे योग्य ठरेल. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने दीर्घ वेढ्यानंतर तो पोर्तुगीजांकडून घेतला आणि त्यात मराठ्यांचे असंख्य लोक कामी आले. रणात पडलेल्यांच्या मुलाबाळांच्या निर्वाहासाठी मराठा राज्यात जी नेमणूक दिली जाई, तिला 'बालपरवेशी' म्हणत. सैनिकाच्या मागे राहिलेल्यांचे उत्तरदायित्व राज्यावर आहे, ही जाणीव या भूमीला नवी नाही.

पहिल्या महायुद्धाने एक नवा प्रश्न आणला. शस्त्रक्रिया सुधारल्या, म्हणून पूर्वी जे मरण पावले असते ते वाचू लागले. पण हात, पाय, डोळे गमावून. या सैनिकांना काही हुन्नर शिकवण्यासाठी १९१७ मध्ये मुंबईत लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने एक शाळा सुरू झाली. तीच पुढे खडकीला गेली आणि क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट म्हणून नावारूपाला आली. योगायोग असा की, त्याच १९१७ मध्ये अमेरिकेत मेरी रिचमंड यांचे 'सोशल डायग्नोसिस' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. एकेका व्यक्तीला समजून घेऊन मदत करण्याच्या शास्त्राचा तो पाया मानला जातो. रिचमंड या मुळात बाल्टिमोरच्या एका धर्मादाय संस्थेत साहाय्यक कोषाध्यक्ष म्हणून लागल्या होत्या. हिशेबाच्या वह्या सांभाळता सांभाळता त्यांच्या ध्यानात आले की पैसा कोठे गेला हे वहीत दिसते, परंतु ज्याला दिला त्याचे पुढे काय झाले हे दिसत नाही. १९३६ मध्ये मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय उघडले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली, ती देशातील पहिली मानली जाते.

खडकीतील पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ मध्ये, म्हणजे बांगलादेश मुक्तियुद्धानंतर तीन वर्षांनी, उभे राहिले. मणक्याला गोळी वा गोळ्याचा तुकडा लागून कमरेखालचे, काही वेळा मानेखालचे शरीर निकामी झालेल्या सैनिकांचे हे घर. अशा शरीराची देखभाल कठोर शिस्तीची असते. संवेदना नसल्याने एकाच कुशीवर पडून राहिले तर जखम होते आणि ती कळतही नाही. म्हणून ठरावीक वेळाने कूस बदलावी लागते. मूत्रमार्गाचा संसर्ग जीवावर बेतू शकतो. पण हे सारे शुश्रूषेचे काम झाले. समाजकार्याचे काम त्यानंतरचे आहे. बावीस वर्षांचा तरुण विचारतो, "आता मी कोण?" गावी वाट पाहणारी वाग्दत्त वधू असते, सही करायला सांगणारा भाऊ असतो, निवृत्तिवेतन कोणाच्या खात्यावर जमा व्हावे यावर घरात कुरबूर असते. रात्री झोप येत नाही, राग आवरत नाही, दारूची सवय लागते. या गोष्टी रुग्णपत्रिकेवर नसतात. त्यांच्यासाठी वेगळी, विश्वासाने सांभाळलेली नोंद लागते. ती नोंद त्या माणसाची असते. त्याच्या संमतीवाचून ती नातेवाइकांना, देणगीदारांना वा छायाचित्रकारांना दाखवायची नसते.

खडकीच्या केंद्रात तोंडात कुंचला धरून चित्रे काढणारे सैनिक घडले, चाकांच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळणारे संघ तयार झाले. अपंगत्वानंतरही माणसाकडे काय उरले आहे, हा या कामातील पहिला प्रश्न असतो. सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांचे जीवन या प्रश्नाचे उत्तर आहे. सैन्यातील हा मुष्टियोद्धा १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला आणि पायांतील शक्ती गेली. उपचारांत पोहणे आले, आणि पोहणे हेच त्यांचे नवे आयुष्य झाले. १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर मुक्त शैलीत त्यांनी सुवर्णपदक पटकावले. अशा स्पर्धांतील भारताचे ते पहिले सुवर्ण. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने त्यांच्या परदेशप्रवासाला हातभार लावला होता. २०१८ मध्ये पेटकरांना पद्मश्री मिळाली. पदकाला आणि पद्मश्रीला मध्ये ४६ वर्षे गेली, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पण सर्वच पेटकर नसतात आणि व्हावेत अशी अपेक्षाही अन्यायाची आहे. निवासातील बहुतेक दिवस साधे असतात : सकाळचा चहा, जखमेची पट्टी, पत्राची किंवा फोनची वाट, संध्याकाळी व्हरांड्यात बसणे. येथे प्रकरण-व्यवस्थापनाची खरी कसोटी लागते. निवासी संस्थेत माणूस खाटेचा क्रमांक होण्यास वेळ लागत नाही. त्याला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, तो कोणत्या पलटणीत होता, सणाला त्याच्या घरी काय शिजे, वर्षातून कोणत्या दिवशी तो गप्प होतो, हे लिहून ठेवणारे आणि वाचणारे कोणी असेल, तर तो माणूस म्हणून राहतो.

रोजमेळ आणि खातेवही

व्यापारी घरांना ही गोष्ट समजावी लागत नाही. तिचे तत्त्व त्यांच्याच पेढीवर आहे. रोजमेळात दिवसाची जमा-नावे उतरते. त्यावरून त्या दिवशी किती आले, किती गेले ते कळते. पण एखाद्या असामीची स्थिती जाणायची, तर खातेवही उघडावी लागते. तेथे त्याचे एक पान असते, मागील बाकी असते आणि वर्षानुवर्षांचा व्यवहार सलग दिसतो. बहुतेक दानधर्म रोजमेळात राहतो. अमुक दिवशी अमुक रक्कम दिली, फळे वाटली, ब्लँकेटे वाटली, आणि पान उलटले. प्रकरण-व्यवस्थापन म्हणजे त्या दानाची खतावणी. प्रत्येक वृद्धाचे एक पान. त्याच्या नावे बाजूला गरजा, आणि जमा बाजूला त्याचे कौशल्य, त्याची माणसे, त्याचा मान. जमेची बाजू कोरी ठेवणारा मुनीम कच्चा समजला जातो. तोच न्याय येथेही लागू आहे.

ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाविषयीच्या २००७ च्या केंद्रीय कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निर्धन वृद्धांची सोय होईल असे निवास उभारण्याची तरतूद आहे. इमारतींसाठी समाजाने नेहमीच सढळ हात दिला आहे. संगमरवरी पाटीवर नाव कोरून घेण्यास माणसे पुढे येतात, ते योग्यही आहे. परंतु इमारत उभी राहिल्यानंतर तिच्यात फिरून प्रत्येकाच्या खाटेशी बसणाऱ्या कार्यकर्तीचे वेतन हा असा खर्च आहे, ज्याची पाटी लागत नाही. तो वर्षामागून वर्षे करावा लागतो. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्यात आणून वाढवले, तेव्हा छप्पर ही केवळ सुरुवात होती. प्रत्येक मुलाचे शिक्षण, मन आणि भवितव्य यांचा वर्षानुवर्षांचा सांभाळ हे खरे काम होते. वृद्ध सैनिकाच्या बाबतीत वर्षे थोडी असतात, म्हणून निकड अधिक असते.

तुळिंजच्या रस्त्यावरील दुकानदाराला तर यासाठी पदवीचीही गरज नाही. पहिली खूण बहुधा त्याच्याच दृष्टीस पडते. रोज सकाळी दुधाची पिशवी नेणारे आजोबा चार दिवस आले नाहीत. औषधांची पूर्ण पट्टी घेणारे आता चारच गोळ्या कापून मागू लागले. उधारी कधी न मागणारा माणूस वही पुढे सरकवताना खाली पाहू लागला. ही खूण ओळखून एखाद्या मुलाला त्या घरी पाठवणे, काय हवे-नको ते विचारणे, सैनिक कल्याण कार्यालयाचा पत्ता लिहून देणे, अर्ज भरायला साहाय्य करणे, ठरलेल्या दिवशी रिक्षा करून रुग्णालयात पोहोचवणे, यांत दानाची रक्कम अल्प आहे; लक्ष मात्र पुरते लागते. एक सावधगिरी आवश्यक आहे. सैनिकाला दया सहन होत नाही. "तुम्हाला मदत करतो" असे म्हणण्यापेक्षा "तुमचे जे येणे आहे, ते मिळवून देऊ" असे म्हणणे सत्यही आहे आणि सौजन्याचेही. सीमेवर काढलेल्या वर्षांचे येणे समाजाच्या वहीत बाकी आहे, एवढेच त्याचे म्हणणे असते. तेही तो सहसा बोलून दाखवत नाही.

नालासोपाऱ्याच्या पुलावरून रोज असंख्य माणसे पूर्व-पश्चिम करीत असतात. पश्चिमेच्या मातीत मिळालेला दगड वृद्धाकडे आधी जा, मग द्या, असे सांगतो. पूर्वेच्या तिसऱ्या मजल्यावरचा वृद्ध काहीच सांगत नाही. त्या दोघांत अंतर फार नाही. छत्तीस पायऱ्या मात्र चढाव्या लागतात.